भट्टीवाल्याची पारेबाई

बंदराच्या मागच्या टेकडीवर हवामान खात्याची एक चौकी होती. चौकी म्हणजे दोन खोल्या, तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी. नवख्या माणसाला वाटायचं, कुणीतरी कबुतरांची हौस केलीय. पण आत कबुतरं नव्हती, काचेचे तापमापक होते. पेटीचं दार ठरल्या वेळी उघडायचं, पारा वाचायचा, दार लावायचं आणि आकडा वर कळवायचा, हे काम जिच्याकडे होतं तिला सगळं गाव पारेबाई म्हणायचं. तिचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवून घ्यावं लागे.

ही नोकरी तिला मिळाली ती पायांच्या जोरावर. मुलाखत टेकडीवरच होती आणि बाकीचे उमेदवार वर पोचेपर्यंत अर्धमेले झाले होते. एकाला तर आधी पाणी पाजावं लागलं, मग प्रश्न विचारता आले. ही मात्र आली ती ओढणीनं कपाळ टिपत, हसत. साहेबांनी विचारलं, "रोज इतकं चढून यायला जमेल?"

"साहेब, लहानपणापासून पावाच्या टोपल्या घेऊन घरोघरी चढतेय. नुसतं अंग घेऊन चढायला काय लागतंय?"

साहेबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

तिचे बाबा भट्टीवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं पावाचं दुकान होतं. पुढे आई गल्ल्यावर, मागे बाबा भट्टीवर. माणूस मनानं लोण्यासारखा, पण बोलण्यात खरपूस. मुलीला सरकारी नोकरी लागली म्हणून त्यांनी गल्लीभर पाव वाटले आणि त्याच दिवशी तिला विचारलं, "काय गं, ऊन मोजून काय करणार तुम्ही? मोजल्यानं गार होतं का ते?"

तिलाही तेव्हा उत्तर येत नव्हतं. ते साहेबांनी शिकवलं. साहेब फार शांत माणूस. पेटीचं दार उन्हाच्या उलट बाजूला का असतं, पारा वाचताना डोळा त्याच्या बरोबरीला का हवा, तापमापकाच्या तोंडावर श्वास का सोडायचा नाही, हे सगळं त्यांनी तिला एखाद्या सुनेला घरचं स्वयंपाकघर समजावून द्यावं तसं समजावलं. म्हणाले, "तुमच्या एकटीच्या आकड्याला काही किंमत नाही. पण अशा पेट्या जगभर आहेत. समुद्रावर जहाजं आहेत, तीही पाण्याचं तापमान घेतात. प्रत्येक जागा तिच्या नेहमीच्या मानानं किती चढली, किती उतरली, ते बघायचं आणि सगळ्यांचं मिळून काढायचं. तेही एका दिवसाचं नाही, वर्षावर्षांचं. तेव्हा कुठे पृथ्वीच्या अंगाला हात लावल्यासारखं होतं."

तिला ते फार आवडलं. आपण रोज सकाळी पृथ्वीच्या कपाळावर हात ठेवतो, ही कल्पना मनात घेऊन ती टेकडी चढायची. दम लागत नसे.

चौकीत एक वायरलेस होता. त्यावर जहाजांकडून समुद्राचे आकडे यायचे. किनाऱ्यानं ये-जा करणाऱ्या एका मालवाहू बोटीवरचा एक अधिकारी रोज बादली पाण्यात सोडायचा, वर ओढायचा, त्यात तापमापक बुडवायचा आणि आकडा कळवायचा. आवाज भरदार, पण मधे खरखर. ती म्हणायची, "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." तो पुन्हा सांगायचा. पुढे खात्यानं नवा, चांगला वायरलेस बसवला. खरखर गेली, तरी ती "पुन्हा सांगा" म्हणतच राहिली. मग त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला.

एक दिवस त्यानं आकडा सांगितला आणि लगेच पुढे विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

वायरलेस म्हणजे काही घरातली खोली नव्हे. आसपासच्या पाण्यात असतील नसतील तेवढ्या बोटी ते ऐकत होत्या. पारेबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. तेवढ्यात तिसऱ्याच कुठल्यातरी बोटीवरचा वैतागलेला आवाज आला, "अहो बाई, एकदाचं हो म्हणा ना! आम्हाला इकडे वाऱ्याची खबर द्यायचीय!"

ती हो म्हणाली. बाबांना ही बातमी कळली ती पाव घ्यायला आलेल्या एका खलाशाकडून. ते भयंकर चिडले. "माझ्या मुलीचं लग्न अख्ख्या समुद्राला माहीत, आणि मला पाव विकताना कळतं!" त्यांनी होणाऱ्या जावयाला दुकानात बोलावलं, समोर गरम पाव ठेवला आणि तो खाताना त्याच्याकडे टक लावून बघत बसले. जावयानं अर्धा पाव खाल्ला, उरलेला उलटा केला, बुडाला बोट लावलं आणि म्हणाला, "छान आहे. बूड जरा जास्त भाजलंय."

आईनं घाईघाईनं दुसरा पाव पुढे केला. बाबा मात्र खूश झाले. "माणूस खरं बोलतो," ते म्हणाले. "समुद्राचे आकडेही खरेच सांगत असणार." त्या दिवसापासून ते त्याला जावईबापू म्हणू लागले आणि गाव त्याला बादलीवाले म्हणू लागलं.

लग्न झालं, मुलगी झाली, संसार मार्गी लागला. आणि मग बापलेकीचं ते प्रसिद्ध भांडण सुरू झालं.

त्याचं असं झालं. दर वर्षी वरच्या कार्यालयातून चौकीवर एक तक्ता यायचा. त्यावर दोन रेषा असायच्या, एक जगभरच्या जमिनीची आणि एक समुद्राची. जमिनीची रेषा उड्या मारत वर जायची, समुद्राची सावकाश, पाय मोजून. कधी एखादं वर्ष खाली यायचं, दोन वर्षं तिथेच घुटमळायची. पण दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून बघितलं की दोन्ही रेषांचा कल एकच, वर. पारेबाईनं तो तक्ता रात्रीच्या जेवणाला माहेरी नेला आणि मोठ्या उत्साहानं बाबांपुढे उलगडला.

बाबांनी चष्मा लावला, बघितला, काढला. "थोतांड आहे. आमच्या लहानपणी याहून कडक ऊन पडायचं. रस्त्यावर अंडं फोडलं तर शिजायचं."

आई ताटात वाढता वाढता म्हणाली, "कधी? आपल्याकडे अंडी होती कुठे तेव्हा?"

"शेजाऱ्यांचं अंडं असेल!"

"शेजारी अंडी रस्त्यावर कशाला फोडतील?"

वाद अंड्यावर गेला आणि पृथ्वी बाजूला राहिली. पण बाबांनी मनात धरलं. पुढे एकदा थंडी अशी कडाक्याची पडली की लोकांच्या तोंडातून वाफा निघू लागल्या. बाबा सकाळीच घोंगडी पांघरून, धापा टाकत टेकडी चढून आले आणि चौकीचं दार ठोठावून ओरडले, "कुठाय तुझं तापणं? दाखव बरं!"

ती त्यांना आत घेऊन चहा देत म्हणाली, "बाबा, ही आपल्याकडची आठवड्याची थंडी. तक्ता सगळ्या जगाचा आहे, सगळ्या वर्षाचा."

"जग मी बघितलेलं नाही. माझी बोटं गारठलीत, ती बघतोय."

त्या वर्षाचा जगाचा आकडा आला तो खरंच आधीच्या वर्षापेक्षा थोडा खाली होता. बाबांनी जिंकल्याच्या थाटात दुकानासमोर उभं राहून येईल त्याला फुकट पाव दिले. संध्याकाळी पारेबाई आली, पाव भाजायचे रिकामे पत्रे बघितले आणि हळूच म्हणाली, "बाबा, हे जे थंड वर्ष म्हणताय ना, ते तुमच्या लहानपणच्या सगळ्यांत गरम वर्षापेक्षाही गरम होतं."

बाबांनी रिकाम्या पत्र्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "मग मी पाव फुकट का वाटले?"

"ते मला काय विचारता?"

एवढं होऊनही ते हटले नाहीत. हटले ते पुढे काही वर्षांनी, आणि तेही लेकीच्या तक्त्यानं नव्हे, स्वतःच्या पिठानं.

बाबांची रीत अशी होती की दुपारी पीठ मळायचं, लाकडी काथवटीत झाकून ठेवायचं, घरी जाऊन जेवायचं, पडायचं आणि उठून आलं की पीठ काथवटीच्या काठाला टेकलेलं असायचं. उभ्या आयुष्यात त्यांना घड्याळ लागलं नव्हतं. अलीकडे मात्र पीठ दगा देऊ लागलं. ते झोपेतून उठून येईपर्यंत पीठ काठ ओलांडून फळीवर लोंबायचं, आंबूस वास मारायचं. बाबांनी यीस्टवाल्याला फैलावर घेतलं. "तुझं यीस्ट माजलंय! काय खायला घालतोस त्याला?"

यीस्टवाला शपथेवर सांगू लागला की कारखाना तोच, माल तोच. बाबांनी यीस्ट कमी केलं. पुढच्या वर्षी आणखी कमी केलं. पीठ मळायला माठातलं गार पाणी घेऊ लागले. हे सगळं त्यांनी गुपचूप चालवलं होतं. पण सुट्टीवर आलेले बादलीवाले मागच्या खोलीत बसून चहा पीत होते, त्यांनी ते बघितलं.

"बाबा, माठातलं पाणी का?"

"पीठ घाई करतंय आजकाल."

"आमच्या बादलीतलं पाणीही तसंच झालंय," बादलीवाले म्हणाले. "पूर्वी या दिवसांत हात घातला की बोटं गार पडायची. आता नाही पडत."

एवढंच बोलणं झालं. बादलीवाल्यांनी चहा संपवला आणि ते बाजारात गेले. बाबा मात्र काथवटीकडे बघत तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते टेकडी चढून आले ते हातात मोठं पातेलं घेऊन. पातेल्यात फुगून टम्म झालेलं पीठ. त्यांनी ते पारेबाईच्या टेबलावर, नेमकं तक्त्यावर ठेवलं.

"हा घे पुरावा! तापतंय जग. मला पटलं."

इतक्या वर्षांनी बाबा हो म्हणाले, तर ती हरखून जायला हवी होती. पण तिच्या तोंडून निघालं, "बाबा, यावरून नाही ठरत."

"काय?"

"तुम्ही मागे दुसरी भट्टी बांधलीत. छपराला पत्रा घातलात. शेजाऱ्यानं भिंत चढवली तेव्हा तुमची खिडकी बंद झाली. पीठ त्यानंही फुगत असेल. एका दुकानावरून जगाचं कसं सांगणार?"

बाबांचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. "इतकी वर्षं मी नाही म्हणत होतो तेव्हा माझं डोकं खाल्लंस! आता हो म्हणतोय तर तू नाही म्हणतेस! तुला माझ्याशी भांडायचंच आहे का?"

"मी नाही म्हणतच नाही. जग तापतंय, हे खरंच आहे. पण ते तुमच्या पिठावरून नाही कळलं, हजारो जागांवरून कळलं. तुमचं पीठ त्यातलं एक असेल फार तर."

"एक तरी आहे ना?"

"असेल," ती हसून म्हणाली.

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पातेलं उचलून त्यांनी तक्त्यावरचं पीठ फडक्यानं पुसलं, पहिल्यांदाच नीट बघितलं आणि दुसऱ्या रेषेवर बोट ठेवलं. "ही समुद्राची इतकी मागे का? आळशी आहे?"

पारेबाई समजावू लागली. पाणी खोल असतं, उष्णता खाली मुरते, वर लगेच दिसत नाही. बाबा मधेच थांबवून म्हणाले, "कळलं. पत्रा आणि वीट."

"म्हणजे?"

"अगं, भट्टी पेटवली की पाव भाजायचा पत्रा लगेच तापतो. हात लावलास तर चटका. वीट मात्र वेळ लावते. पण सगळी धग शेवटी विटेच्याच पोटात जाते. जमीन म्हणजे पत्रा, समुद्र म्हणजे वीट." ते जोरात हसले आणि हसता हसता एकदम थांबले. "पण पोरी, पत्रा बाहेर काढला की निवतो. वीट नाही निवत. मी आज विस्तव काढला तरी उद्या सकाळी त्याच विटेवर बिस्किटं भाजतो."

"हो बाबा."

"मग लाकूड घालणं आधीच कमी करायला हवं."

"तेच तर सगळे सांगतायत."

बापलेकीनं खिडकीतून बाहेर बघितलं. खाली बंदरात बोटींची नेहमीची वर्दळ चालू होती.

त्यानंतर बाबांचा नवा अवतार सुरू झाला. नवा मुसलमान दिवसातून दहा वेळा बांग देतो, तशी गत, असं आईच म्हणाली. पाव करपला, जग तापलंय. गुडघा दुखला, जग तापलंय. गिऱ्हाईक रुसलं, तेही उष्म्यानंच. आई म्हणायची, "यांचं डोकं लग्नाआधीपासून तापलेलं आहे, ते कशानं तेही विचार तुझ्या खात्याला." पारेबाईला आता रोज माहेरी जाऊन बाबांना आवरावं लागे.

त्याच सुमारास नगरपालिकेनं बंदरावर नवा धक्का बांधायचं ठरवलं आणि तो किती उंच हवा यावर सभागृहात लोकांसमोर बोलायला चौकीच्या बाईंना बोलावलं. साहेब निवृत्त झाले होते, त्यामुळे टाळायला जागा नव्हती. बादलीवाल्यांनी तिची साडी इस्त्री केली, आईनं लिंबूपाणी पाजलं, आणि ती तक्ता घेऊन मंचावर उभी राहिली.

आयुष्यभर ती वायरलेसवर बोलली होती. तिथे समोर चेहरे नसतात. इथे सगळे ओळखीचे चेहरे आपल्याकडेच बघतायत हे दिसल्यावर तिनं तक्ता उलटाच धरला. तिनं कशीबशी सुरुवात केली, सरासरी, कल, फरक असे शब्द एकापाठोपाठ एक घरंगळून पडले, आणि पहिल्या रांगेतला एक व्यापारी जांभई देत म्हणाला, "बाई, शंभरावर वर्षांत एक अंश आणि वर थोडं! एका अंशानं काय होतंय? मी पंखा एक नंबर वाढवीन!"

सभागृह हसलं. ती तक्त्यावर पुढचा आकडा शोधू लागली. तेवढ्यात मागून खरपूस आवाज आला, "अगं, वीट सांग! वीट!"

तिला हसूच फुटलं आणि हसल्याबरोबर भीड गेली. तिनं तक्ता बाजूला ठेवला आणि भट्टी सांगितली. पत्रा सांगितला, वीट सांगितली. या वाढलेल्या उष्णतेतली बहुतेक सगळी समुद्राच्याच पोटात चाललीय, हे सांगितलं. पाणी तापलं की फुगतं, जमिनीवरचं बर्फ वितळून त्यात भर पडते, म्हणून धक्का थोडा उंच हवा, हेही सांगितलं. मग ती व्यापाऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा एक अंश राहिला. त्याचं उत्तर मी नाही देत. बाबा, या खिडकीतून दिसतं ना, तेवढंच बंदरातलं पाणी एक अंश, फक्त एक अंश तापवायचं, तर किती लाकूड लागेल?"

बाबा उभे राहिले. त्यांनी खिडकीबाहेर बंदराकडे बघितलं, ओठ हलवत अंदाज बांधला आणि म्हणाले, "गावातली सगळी घरं दारं-खिडक्यांसकट जाळली, तरी मी खात्री देत नाही."

"हे एका बंदराचं झालं," पारेबाई म्हणाली. "आणि इथे जगातल्या सगळ्या समुद्रांची गोष्ट चाललीय. आता सांगा, एक अंश लहान आहे का?"

व्यापाऱ्यानं मान डोलावली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हे असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

धक्का उंच बांधायचं ठरलं. बाजारात सावलीसाठी झाडं लावायचं ठरलं, आणि त्यावर मात्र कुठली झाडं लावायची म्हणून दोन तास कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतरच्या आठवड्यात निम्मं गाव पांढरी पेटी बघायला टेकडीवर आलं. जो तो दार उघडलं की आत डोकं घालायचा आणि पाऱ्यावर श्वास सोडायचा. शेवटी पारेबाईला कुंपणावर पाटी लावावी लागली, "लांबून बघावे. पेटीत फुंकू नये."

बाबांनी पुढे दुकान नातीच्या, म्हणजे पारेबाईच्या मुलीच्या हाती दिलं. तिनं आल्या आल्या छपरावरचा पत्रा काढला, बंद खिडकीच्या जागी वर झरोका पाडला आणि भट्टीला असं जाड अस्तर केलं की निम्म्या लाकडात काम भागू लागलं. बाबांनी आधी कुरकुर केली, मग सगळ्यांना ते आपलंच डोकं म्हणून सांगायला सुरुवात केली. आता ते खूप म्हातारे झालेत. दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला धरून पत्रा आणि वीट सांगतात. पाव गार होतो, गिऱ्हाईक सुटत नाही.

परवा पारेबाई चौकीवरून उतरत होती. बघते तर बाबांनी एका अनोळखी गृहस्थाला पकडलेलं. गृहस्थ पिशवी सावरत, मान हलवत, फार नम्रपणे ऐकत होता. जवळ आल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तर तिच्या खात्याचे नवे मोठे साहेब, तिचीच चौकी बघायला आलेले.

"आणि समुद्र," बाबा त्यांना बोटानं दाखवत होते, "समुद्राचा आकडा कधी खाली येतच नाही. दर वर्षी वरच!"

"बाबा," ती रस्त्यातूनच म्हणाली, "एखाद्या वर्षी थोडा खालीही येतो. वर जातो तो लांबच्या हिशोबानं."

बाबांनी साहेबांच्या दंडावर हात ठेवला, त्यांच्या कानाशी झुकले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिच्याकडे लक्ष देऊ नका. माझीच मुलगी आहे, पण भारी भांडखोर. बसा, तुम्हाला खुर्ची देतो."

साहेब हसत हसत बसले. पारेबाईनं कपाळाला हात लावला, आणि आत जाऊन तिघांसाठी चहा टाकायला मुलीला सांगितलं.